वाचकांचे प्रश्न : परसातले कासव आणि थंडीची रात्र

पाळीव कासवांच्या आहाराविषयी या सदरात लिहिले होते, त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी आहार बाजूला ठेवून थंडीविषयीच विचारले आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्यांना लागणारा पुष्कळसा मजकूर त्यातच येऊन जातो.

प्रश्न : आमच्याकडे सुल्काटा जातीचे नऊ वर्षांचे कासव आहे. मुलीच्या हट्टासाठी आणले तेव्हा ते तळहातावर मावत होते. आज त्याचे वजन २७ किलो आहे. घरात ठेवणे अशक्य झाल्यामुळे आम्ही परसात सहा फूट लांब-रुंद आणि चार फूट उंच असे प्लायवूडचे खोपटे बांधले आणि छताला २५० वॅटचा उष्णतेचा दिवा टांगला. तरीही डिसेंबरात सकाळी त्याचे पाय हाताला गार लागतात, दुपारपर्यंत ते हलत नाही आणि खाणेही कमी झाले आहे. पाठीच्या मधोमध एक पांढुरका चट्टा दिसू लागला आहे. कोल्हापूरहून आलेल्या माझ्या सासूबाई रोज रात्री त्याच्या अंगावर गोधडी घालतात, तर यजमानांच्या मते आणखी मोठा दिवा लावला पाहिजे. यांतले योग्य काय? शिवाय २०२१ सालासारखी वीज गेली तर काय करावे?
— एक वाचक, फ्रिस्को (टेक्सास)

उत्तर : सासूबाईंच्या मायेला नमस्कार करून सांगतो, की गोधडी आजच घडी करून ठेवावी. गोधडीला स्वतःची ऊब नसते. आपल्या अंगात अन्न जळून जी उष्णता तयार होते ती बाहेर निसटू न देणे, एवढेच तिचे काम असते, आणि कासवाच्या अंगात अशी शेगडी नाही. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेबरोबर आणि खालच्या जमिनीबरोबर चढते-उतरते. त्यामुळे गार कासवावर गोधडी घातली, तर ते गारच राहते, आणि सकाळी ऊन आले तरी ते ऊन त्याच्या पाठीपर्यंत पोहोचत नाही. बर्फाची लादी वितळू नये म्हणून ती भुशात आणि गोणपाटात गुंडाळून नेतात, हे सासूबाईंनी पाहिलेले असेल. रात्री आपण कासवाचे नेमके तेच करत आहात.

यजमानांचा उपाय मात्र गोधडीपेक्षा धोक्याचा आहे, आणि पाठीवरचा चट्टा त्याची साक्ष देत असावा. वरून टांगलेल्या दिव्याची उष्णता किरणांच्या रूपाने सरळ खाली येते. कासव लहान असते तेव्हा त्याची पाठ दिव्यापासून दूर असते आणि सगळे अंग दिव्याच्या झोतात मावते. २७ किलोच्या कासवाची पाठ मात्र दिव्याच्या जवळ आलेली असते, आणि झोतात येतो तो पाठीचा फक्त मधला भाग. तो भाग भाजत राहतो आणि पाय, पोट, मान व आतडी गारच राहतात. अंग गार असल्यामुळे कासव ऊब मिळवण्यासाठी दिव्याखालून हलत नाही, आणि हलत नाही म्हणून आणखी भाजते. कवच म्हणजे पाठीवर ठेवलेले झाकण, असे अनेकांना वाटते, पण ते तसे नाही. पाठीचा कणा आणि बरगड्या एकजीव होऊन ते जिवंत हाड बनलेले असते, त्यात रक्त खेळते, त्याला संवेदना असते, आणि वर नखासारख्या पदार्थाचे पातळ आवरण असते. त्यामुळे तेथे भाजलेली जखम खरोखरीची जखम असते आणि ती भरून यायला वर्षे लागू शकतात. माझ्या पहिल्या कासवाच्या पाठीवर असाच डाग पडला होता आणि दोन महिने मी त्याला वाळलेला चिखल समजत होतो, म्हणून हे जरा आग्रहाने लिहीत आहे. दिवा आज रात्रीपासून बंद करावा, चट्टा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याला दाखवावा, आणि खोपट्याची नीट व्यवस्था होईपर्यंत कासवाला गॅरेजमध्ये किंवा धुण्याच्या खोलीत झोपवावे. फरशी खराब होईल, पण तेवढे सोसावे.

आता मूळ अडचणीकडे वळू. सुल्काटा हे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल या कोरड्या पट्ट्यातले कासव आहे. गॅलापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरची कासवे सोडली, तर जमिनीवरच्या कासवांत याच्याएवढे मोठे दुसरे नाही. नर ४५ किलोच्या पुढेही जातात. हे कासव शीतनिद्रा घेत नाही. त्याच्या मायदेशात हिवाळा कोरडा असतो, दिवसा ऊन तापते आणि रात्री ते स्वतः खणलेल्या खोल, उबदार बिळात शिरते. उत्तर टेक्सासच्या हिवाळ्यात जमीन गार आणि ओली असते, म्हणून येथे खणलेले बीळ त्याला निवारा देत नाही, उलट गारठवते. गारठा आणि ओल एकत्र आली, की या जातीच्या कासवांना फुप्फुसांचा विकार होण्याची भीती सर्वांत अधिक असते.

आपले कासव दुपारपर्यंत हलत नाही, याचे कारण त्याच्या आकारातही आहे. मोठे शरीर हळूहळू निवते, हा त्याचा फायदा, पण निवल्यावर ते तापतेही तितक्याच हळू. रात्रभर दहा-बारा अंश सेल्सिअसच्या हवेत पडलेल्या २७ किलोच्या प्राण्याच्या गाभ्यापर्यंत डिसेंबरातल्या तीन-चार तासांच्या उन्हाची ऊब पोहोचतच नाही. पाठ गरम लागते आणि पोट गारच असते. अशा स्थितीत खाल्लेले गवत नीट पचत नाही, पोटात आंबते, आणि मग कासव स्वतःच खाणे कमी करते. तेव्हा दिवसाची काळजी नंतर, आधी रात्र सांभाळायची. रात्री कासव उबदार राहिले, तर सकाळी बाहेरची हवा गार असली तरी ते हिंडून, चरून, शरीर गार पडायच्या आत परत येऊ शकते.

आपल्या खोपट्याचा मुख्य दोष त्याच्या मोठेपणात आहे. माणूस आत वाकून उभा राहू शकेल अशी जागा आपण कासवासाठी बांधली, त्यामुळे वरची ऊब कासवाच्या डोक्यावर तीन फुटांवर साठते. त्याला हवी आहे ती चार फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी बसकी, बंद पेटी. ही मापे मुद्दाम निवडली आहेत, कारण चार बाय आठ फुटांचे प्लाय कापले, की त्यांतून ती सहज निघते. पेटी आपल्या सध्याच्या खोपट्याच्या आतच बसवता येईल. मग पाऊस आणि वारा बाहेरचे खोपटे झेलेल आणि आतली पेटी फक्त ऊब धरून ठेवेल. पेटीच्या चारही भिंती, छत आणि तळ यांना आतून दोन इंच जाडीचे फोमचे बोर्ड लावावेत. आपल्याकडे ज्याला थर्माकोल म्हणतात त्याचेच हे दाट, कडक भावंड. तळ विसरू नये. बहुतेक जण भिंतींना फोम लावतात आणि गार काँक्रीटवर कासवाला पोट टेकवून झोपवतात.

हा फोम किती काम करतो, हे साध्या हिशोबाने पाहता येते. वर सांगितलेल्या पेटीचे सगळे पृष्ठभाग मिळून सुमारे सहा चौरस मीटर होतात. बाहेर शून्याच्या जवळ आणि आत २७ अंश सेल्सिअस ठेवायचे असेल, तर नुसत्या अर्ध्या इंची प्लायमधून साधारण ६०० वॅट उष्णता सतत निसटत राहील. त्याच प्लायला दोन इंच फोम जोडला, की हा आकडा ११० ते १२० वॅटवर येतो. म्हणजे जेथे एरवी खोलीचा हीटर लावावा लागला असता, तेथे जुन्या काळच्या एका मोठ्या बल्बएवढ्या शक्तीत काम भागते. यजमानांना मोठा हीटर घ्यायचाच असेल, तर ते पैसे फोमवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फोमवर आतून पुन्हा पातळ प्लाय ठोकणे मात्र आवश्यक आहे, कारण कासव उघडा फोम खाते आणि तो आतड्यात अडकतो. सांध्यांत सिलिकॉन भरावे. छत बिजागऱ्यांवर वर उचलता येईल असे आणि पाणी वाहून जाण्यासाठी किंचित उताराचे करावे. कधी ना कधी आपल्याला आत हात घालावा लागणार आहे.

दार हा सर्वांत कच्चा दुवा आहे. शीतगृहांच्या दारांना असतात तशा जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा दोन पदरी लावावा, आणि रात्री त्यापुढे फोम लावलेली खरी फळी बंद करावी. नुसता पडदा पुरत नाही, कारण कासव त्यात अर्धवट अडकून झोपते आणि पट्ट्या रात्रभर उघड्या राहतात. दार दक्षिणेकडे असावे.

उष्णतेसाठी दोन मार्ग चांगले आहेत. पहिला म्हणजे लहान आकाराचा, तेल भरलेला विजेचा रेडिएटर. त्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे तो कोठेही भाजण्याइतका न तापता पेटीतली सगळी हवा सारखी गरम करतो, आणि त्यात प्रकाश नसल्यामुळे कासवाची झोप मोडत नाही. तो मागच्या भिंतीलगत ठेवून त्यापुढे दोन बाय चार इंची लाकडी पट्ट्यांचा भक्कम कठडा बांधावा, कारण सुल्काटा हे ढकलणारे जनावर आहे. दार, कुंपण, हीटर, माणसाची पोटरी, पुढे आलेली प्रत्येक वस्तू ते एकदा ढकलून पाहते. दुसरा मार्ग म्हणजे छताला सपाट, सौम्य किरण देणारा पॅनेल आणि खाली डुकरांच्या नवजात पिलांसाठी शेतांवर वापरतात तशी फायबरग्लासची कडक गरम चटई, अशी जोडी. यात वर आणि खाली दोन्हीकडून मऊ ऊब मिळते. माणसांच्या कंबरेला शेक देणारी कापडी चटई येथे मुळीच वापरू नये, कारण ओल, माती आणि २७ किलोंचे वजन यांसाठी ती बनलेली नसते.

कोणताही मार्ग घेतला, तरी हीटरच्या स्वतःच्या बटणावर विसंबू नये. वेगळा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारे उपकरण, लावावा आणि त्याचा संवेदक कासवाच्या पाठीच्या उंचीवर, पण कासवाच्या तोंडी येणार नाही असा, भिंतीत बसवावा. तो २७ अंश सेल्सिअसवर, म्हणजे ८० अंश फॅरनहाइटवर ठेवावा. पूर्ण वाढलेली, धडधाकट कासवे कोरड्या हवेत १६ अंशांपर्यंतची रात्र सोसतात हे खरे आहे, पण सोसणे आणि मानवणे यांत फरक आहे, आणि आपल्याकडे जानेवारीतला पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. पेटीत एक आणि बाहेर एक असे दोन तापमापक ठेवावेत आणि निदान पहिला हिवाळाभर रोज पहाटेचे किमान तापमान वहीत टिपून ठेवावे. हीटर चालू आहे याचा लाल दिवा दिसतो म्हणून आत ऊब आहे असे गृहीत धरणाऱ्या माणसाला कधीतरी फार वाईट सकाळ पाहावी लागते.

विजेची तार नळीतून आणावी, प्लग पेटीच्या बाहेर, कोरड्या जागी असावा, आणि बाहेरच्या वापराचा, गळती होताच वीज तोडणारा सॉकेट असावा. ही कामे परवानाधारक वायरमनकडून करून घेतलेली बरी. पेटीत पेंढा अगदी पातळ पसरावा, तो हीटरच्या कठड्यापर्यंत जाऊ देऊ नये आणि ओला होताच काढून टाकावा. बंद, गरम पेटीत हवा फार कोरडी होते, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा कासवाला कोमट पाण्यात अर्धा तास बसवावे, आणि पाठ-पाय कोरडे झाल्याशिवाय थंडीत बाहेर सोडू नये.

एवढे केले तरी कासव आपोआप पेटीत जाईल असे नाही. त्याला ऊब कोठे आहे ते कळते. सूर्य मावळल्यावर ऊब कमी होणार आहे, हे कळत नाही. गार पडू लागले, की ते जेथे असेल तेथेच, जास्वंदीखाली किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात, तोंड खुपसून बसते. म्हणून थंडी सुरू होण्याआधीच, ऑक्टोबरात, रोज ठरावीक वेळी त्याला पेटीकडे नेण्याची सवय लावावी. साधारण दोन आठवड्यांत ते वाट शिकते. त्यानंतरही रोज संध्याकाळी कोणीतरी आत डोकावून, कासव खरोखर आत आहे ना हे पाहून मगच दार लावावे. हे काम मुलीकडे द्यावे. हट्ट तिचाच होता. दिवसा ऊन असेल आणि हवा १६ अंशांच्या वर असेल, तर दार उघडावे. ढगाळ, ओल्या दिवशी ते बंदच ठेवून आत गवत द्यावे.

आता वीज जाण्याविषयी. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी डॅलसचे तापमान उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते आणि अनेक घरांत काही दिवस वीज नव्हती. त्याच आठवड्यात टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्यावर गारठून निश्चल झालेली हजारो समुद्री कासवे लोकांनी गोळा करून साउथ पाद्रे बेटावरच्या अधिवेशन सभागृहात ओळीने मांडून ठेवली होती. अशा लाटेची सूचना हवामान खाते दोन-तीन दिवस आधी देते, आणि हाच आपला खरा वेळ असतो. कासवाला आधीच घरात किंवा घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये आणावे. २७ किलोंचे कासव दोघांनी जाड ताडपत्रीवर ओढत आणता येते. वीज गेल्यानंतर, बर्फात, अंधारात हे करणे फार कठीण होते. बाहेरच ठेवणे भाग पडले, तर गॅसवर गरम केलेल्या पाण्याचे कॅन पेटीत ठेवता येतात. २० लिटर पाणी ५५ अंशांवरून ३० अंशांपर्यंत निवताना वर वर्णन केलेल्या पेटीची गरज शून्याजवळच्या रात्री सुमारे पाच तास आणि उणे १९ अंशांच्या रात्री सुमारे तीन तास भागवते. कॅन टॉवेलात गुंडाळावेत आणि कासव त्यांना टेकून झोपणार नाही असे अडवावेत. बंद जागेत शेगडी, कोळसा, जनरेटर किंवा चालू मोटार ठेवून ऊब करण्याचा विचारही मनात आणू नये. त्या थंडीत टेक्सासमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली होती.

नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, डोळे सुजणे यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. ऊब वाढवणे हा तोपर्यंतचा प्रथमोपचार आहे, उपचार नव्हे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. आमच्याकडे दाखल्यासह घेतलेले हर्मन जातीचे सहा वर्षांचे कासव आहे. बागेतल्या त्याच्या लाकडी घरात हिवाळाभर हीटर लावून तापमान निदान १२-१३ अंश ठेवावे, असे आम्हांला वाटते, कारण त्याला गाडल्यासारखे झोपवून ठेवण्याची भीती वाटते. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : आपली भीती समजण्यासारखी आहे, पण आपण निवडलेला आकडाच नेमका सर्वांत वाईट आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या हर्मन कासवाला हिवाळ्यात दोनच स्थिती मानवतात. एक तर ते पूर्ण जागे, उबदार आणि खाते-पिते असावे, किंवा पूर्ण झोपलेले असावे. १२ अंशांवर त्याला झोप लागत नाही आणि पचनही होत नाही. साठवलेली चरबी मात्र खर्च होत राहते. इंग्लंडमध्ये पूर्वी ही कासवे जहाजांनी मोठ्या संख्येने येत असत आणि त्यांपैकी पुष्कळशी पहिल्याच हिवाळ्यात मरत असत. १९८४ साली रानातून पकडलेल्या अशा कासवांचा व्यापार थांबला. आज आपल्याला त्यांच्या विक्रीसाठी जो दाखला लागतो, त्यामागे हा इतिहास आहे.

निरोगी, वजनाने ठीक असलेल्या कासवाला शीतनिद्रा देणे उत्तम. झोपण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. मग तीन-चार आठवडे अन्न बंद करून, रोज कोमट पाण्यात बसवून आतडी रिकामी होऊ द्यावीत, कारण पोटात राहिलेले अन्न झोपेत कुजते. या काळात तापमान एकदम न उतरवता हळूहळू उतरवावे. त्यानंतरची जागा म्हणून बागेतल्या घरापेक्षा मी निःसंकोचपणे फ्रिज सुचवीन. ऐकायला विचित्र वाटते, आणि भारतात फोनवर हे सांगताना पलीकडे बराच वेळ शांतता पसरते, हा माझा अनुभव आहे. परंतु ब्रिटनमध्ये ही आता रुळलेली पद्धत आहे. कारण सोपे आहे : तापमान ५ अंशांच्या आसपास स्थिर हवे. शून्याखाली गेले तर डोळ्यांना आणि मेंदूला कायमची इजा होते, १० अंशांच्या वर गेले तर कासव जागे होऊ लागते, आणि इंग्लंडातला हिवाळा एकाच आठवड्यात या दोन्ही टोकांना जाऊन येतो. फ्रिज वेगळा, फक्त यासाठीचा असावा. त्यात पाण्याच्या काही बाटल्या ठेवल्या, की तापमान कमी हलते. दार रोज क्षणभर उघडून हवा बदलावी. आठवड्यातून एकदा वजन करावे. महिन्याला सुमारे एक टक्का घट स्वाभाविक आहे, त्याहून बरीच जास्त असेल किंवा कासवाने लघवी केलेली दिसली, तर त्याला उठवून उबेत आणावे आणि त्या वर्षी पुन्हा झोपवू नये.

बागेतल्या घरातला हीटर फुकट जाणार नाही. त्याचा खरा उपयोग मार्च-एप्रिलमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आहे, जेव्हा इंग्लंडचे ऊन अपुरे पडते. तेथे पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक छप्पर, त्याखाली दिवसाच चालणारा ऊब आणि अतिनील किरण देणारा दिवा, आणि रात्रीसाठी कोरडी, बंद खोली अशी व्यवस्था करावी. हे कासव लहान असते आणि दिवा उंचावर राहतो, म्हणून पहिल्या पत्रातला भाजण्याचा धोका येथे कमी आहे. तरी पाठीच्या उंचीवरचे तापमान मोजावेच.

प्रश्न : फिनिक्समध्ये आम्ही राज्याच्या योजनेतून वाळवंटी कासव दत्तक घेतले आहे. शेजारी गाव सोडून जात आहेत आणि त्यांचे सुल्काटा आम्हांला देऊ पाहतात. एकाच गरम पेटीत दोघांना ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, फिनिक्स (अॅरिझोना)

उत्तर : चालणार नाही. सोनोरा वाळवंटातले आपले कासव हिवाळ्यात झोपते आणि त्याला हीटर नको असतो. त्याला पाणी न शिरणारे, वर मातीचा जाड थर घातलेले बीळ हवे असते, ज्यात उन्हाळ्यातली आगही पोहोचणार नाही. सुल्काटाला त्याच महिन्यांत रात्रभर ऊब लागते. त्यामुळे एकाच पेटीत एकाची झोप मोडेल किंवा दुसरे गारठेल. शिवाय वाळवंटी कासवांमध्ये मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणारा श्वसनाचा आजार ठाऊक आहे, आणि वेगवेगळ्या जातींची कासवे एकत्र ठेवल्याने असे आजार एकमेकांना लागतात. तिसरे कारण म्हणजे ढकलाढकली, आणि आपले कासव तेथे हरणारच. सुल्काटा घ्यायचे असेल तर वेगळे कुंपण, वेगळी पेटी आणि पुढच्या कित्येक दशकांची तयारी ठेवूनच घ्यावे. अॅरिझोनात नकोशा झालेल्या सुल्काटांची संख्या आधीच मोठी आहे, आणि शेजारी तुमच्याकडे का वळले असतील, हे यावरून लक्षात येईल.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. वडिलांना फार वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेले, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव आमच्या मळ्यात आहे. वडील गेल्यावर आता मीच ते पाहतो. थंडीत बागेला वाचवण्यासाठी आम्ही ओळींमध्ये शेकोट्या पेटवतो. कासवाच्या खुराड्यापाशी तशीच शेकोटी केली तर चालेल का, की बल्ब लावावा?
— एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे भारतीय तारा कासव असावे, आणि म्हणून शेकोटीच्या आधी कायद्याचे सांगावे लागते. हे कासव पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून सर्वांत कडक बंदी आहे. वडिलांनी ते मायेने सांभाळले याविषयी मला शंका नाही, पण मायेने परवाना मिळत नाही. वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकावर किंवा आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतःहून कळवून ते त्यांच्या ताब्यात द्यावे. जवळच्या डोंगरात किंवा गोदावरीच्या काठी सोडून देणे हा मार्ग सोपा वाटतो, पण तो चुकीचा आहे. ही कासवे मूळची गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेकडच्या कोरड्या माळांवरची आहेत, नदीत तर ती बुडतील, आणि इतकी वर्षे माणसाच्या हातचे खाल्लेले जनावर रानातल्या कासवांमध्ये आजारही नेऊ शकते.

ताब्यात देईपर्यंतचे दिवस थंडीचे असतील, तर शेकोटी मुळीच नको. द्राक्षाच्या ओळींत शेकोटी चालते, कारण तेथे वर मोकळे आकाश असते आणि वेलींना फुप्फुसे नसतात. खुराड्यात तोच धूर कोंडतो, आणि कासवाला खोकून तो बाहेर टाकता येत नाही, कारण त्याच्या छातीत आपल्यासारखा श्वासपटल नाही. बल्बचे तोटे वर लिहिलेच आहेत. निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा एवढ्याशा कासवासाठी बाहेर काही बांधत बसण्याची गरजच नाही. घरातल्या सर्वांत कोरड्या, वारा न लागणाऱ्या खोलीत जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात सुके गवत घालून ते रात्री ठेवावे. खोके जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवावे. खोली फार गार असेल, तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवाव्यात, म्हणजे नको असेल तेव्हा कासवाला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. सकाळी दहा-अकरा वाजता, ऊन चांगले तापल्यावर, अंगणात सोडावे आणि उन्हे कलायच्या आत उचलून घ्यावे. दूध, भात, पोळी देऊ नये. गवत आणि शेवग्याचा पाला पुरे. वनरक्षक येतील तेव्हा ते आजवर काय खात होते आणि साधारण किती वर्षे मळ्यात आहे, हे त्यांना कागदावर लिहून द्यावे.